चिखलातून चालणारं इंजिन

पंचवटीत गोदावरीची खोली कुणी फुटांत सांगत नाही. पावसाळ्यात रामकुंडाकडून येणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात : मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही अख्ख्या नाशिकची मोजपट्टी आहे. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर लोक बघायला जातात, कमरेच्या वर चढलं की काठचे दुकानदार माल हलवायला घेतात, आणि ऑगस्ट २०१६ किंवा ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला की मारुतीच दिसेनासा होतो. हीच नदी मे महिन्यात, धरणाचं आवर्तन बंद असताना, जागोजागी घोट्याएवढी उरते. वर पाणवेलींचा हिरवा थर, खाली काळा गाळ.

होडीला इंजिन बसवायचा विचार करणाऱ्याने सुरुवात इथून करावी. कोणत्या कंपनीचं, किती एचपीचं, हे नंतर. पाणी किती खोल आहे, तळाशी काय आहे आणि वर काय तरंगतंय, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी खरेदी झाली म्हणून समजा.

गंगापूर धरणापासून नदीच्या कडेने खाली निघालं, तर तीन वेगवेगळी पाणी भेटतात. शहराच्या वर गंगापूर धरण : खोल, मोकळं, वाऱ्याचं पाणी. मध्ये पंचवटी : घाट, कुंडं, पूल, निर्माल्य आणि माणसं. पुढे निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेडा ओलांडलं की नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिथे बंधारा घातला गेला. त्यामागे शतकभर गाळ साचला. गाळावर पाणवनस्पती वाढल्या, त्यांच्यावर पक्षी आले, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. म्हणजे ज्याला पाटबंधारे खातं साठवणक्षमतेतली घट म्हणेल, त्याच गोष्टीने या जागेला जागतिक नाव दिलं. उथळ, गाळाचं, वेलींनी भरलेलं असं पाणी आज महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या तलावांच्या आणि धरणांच्या शेपटाकडे सापडतं. साधी बोट-मोटार नेमकी तिथेच हात टेकते.

आपल्याकडे बोटीचं इंजिन म्हटलं की ओबीएम डोळ्यांसमोर येतं. ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटार, अग्निशमन दलाच्या रबरी बोटीच्या मागे टांगलेली असते ती. तिचा एक पाय सरळ खाली पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाशी गिअर आणि पंखा असतो. हे इंजिन नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं, त्यासाठी त्या पायात रबरी पात्यांचा छोटा पंप बसवलेला असतो. तिला दीड-दोन फूट मोकळं पाणी द्या, ती दिवसभर कुरकुरणार नाही. पण पाणी उथळ झालं की पंखा तळाला घासतो, पंप पाण्याबरोबर गाळ ओढतो आणि रबरी पाती झिजतात. इंजिनाच्या मागून सतत पडत राहणारी पाण्याची बारीक धार आधी मंदावते, मग थांबते, आणि काही मिनिटांत इंजिन तापून बसतं. पाणी ओढायच्या जाळीवर शेवाळ बसलं तरी निकाल तोच.

लाँगटेल मोटारीने हा सगळा प्रकार आडवा केला. इंजिन होडीच्या मागच्या फळीवर, पाण्याच्या पूर्ण वर बसतं. ते हवेने थंड होतं, त्यामुळे गाळ ओढायचा प्रश्नच नाही. इंजिनातून निघालेला लांब दांडा एका नळीतून तिरका मागे जातो, चार ते सहा फूट, आणि त्याच्या टोकाला पंखा. दांडा जवळजवळ आडवा असल्यामुळे पंखा पृष्ठभागाच्या थोडाच खाली फिरतो. मध्ये गिअर नाही, न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. आख्खी मोटार एका खुंट्यावर डावी-उजवीकडे फिरते आणि तराजूच्या दांडीसारखी वरखाली होते. पंख्याखाली लोखंडी पट्टीचं एक पातं असतं. दगड किंवा ओंडका आधी त्याला लागतो आणि शेपटी आपसूक वर उचलली जाते.

या बांधणीचं माहेर आग्नेय आशिया. बँकॉकच्या कालव्यांत आणि चाओ फ्राया नदीत आजही अशा होड्या धावतात. त्यांतल्या मोठ्यांवर चक्क मोटारींची, ट्रकची इंजिनं उघडीच बसवलेली दिसतात. मेकाँगच्या खोऱ्यात १९६० च्या दशकात शेतकऱ्यांनी होडीवरच्या अशाच छोट्या इंजिनाला पंप बनवून शेताला पाणी दिलं. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत बदकांच्या शिकाऱ्यांसाठी अशी मोटार १९७७ पासून ‘गो-डेव्हिल’ नावाने विकली जाऊ लागली आणि ‘मड मोटर’ हा शब्द रूढ झाला. भारतात ओडिशाच्या चिलिका सरोवरात डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या याच जातीच्या. तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे लाटा फोडून थेट वाळूवर होडी चढवावी लागते, तिथेही मच्छीमार डिझेलवरचं लाँगटेल वापरतात, कारण वाळू जवळ आली की शेपटी हाताने वर घेता येते. आपल्या कोकणपट्टीवर मात्र ती फारशी दिसत नाही. तिथली बंदरं, खाड्या आणि बोटी वेगळ्या, सवयी वेगळ्या.

मेकाँगची गोष्ट मला इथे जास्त महत्त्वाची वाटते, कारण निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या घरी हे इंजिन आधीच असतं. पाणी उपसायचा छोटा पेट्रोल पंप उघडा, त्यातलं इंजिन लाँगटेलच्याच कुळातलं निघेल : एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारं. जगभर नवशिक्यांच्या लाँगटेलवर सर्रास दिसणारं होंडाचं जीएक्स-२०० घ्या : १९६ सीसी, वजन साधारण १६ किलो, कमाल फेरे मिनिटाला ३६००. बारा-चौदा फुटी सपाट बुडाच्या होडीला एवढी ताकद पुरते. किर्लोस्करचं जुनं पाच एचपीचं डिझेल इंजिन कितीही भरवशाचं असो, ते विहिरीवरच राहू द्या. शंभर किलोंच्या पुढचं ओतीव लोखंड छोट्या होडीच्या मागच्या टोकावर ठेवलं, तर पुढचं टोक आकाशाकडे बघायला लागेल.

घरचं पंपाचं इंजिन जोडायचं ठरवलंत तर दोन गोष्टी आधी तपासा. पंपासाठी बनवलेल्या काही इंजिनांचा शाफ्ट आटे पाडलेला असतो, तो इथे उपयोगाचा नाही. सरळ, की-वे असलेला शाफ्ट हवा. इंजिन आणि दांडा यांच्यामधलं कपलिंग सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येईल, पण ते नेमकं एका रेषेत हवं. केसभर तिरकं बसलं तरी मिनिटाला ३६०० फेऱ्यांना दांडा थरथरतो आणि काही तासांत बेअरिंग खातो. दुसरी गोष्ट तेलाची, आणि इथे नवशिके हमखास फसतात. या इंजिनांत तेल दाबाने फिरवणारा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली एक छोटी पळी असते. ती प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडते आणि तेल वर उडवते. म्हणून इंजिन साधारण सपाट राहायला हवं. वीस अंशांच्या पलीकडे कललं की पळीला तेल मिळेनासं होतं. तेल कमी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा सेन्सर असेल, तर शेपटी खूप वर उचलताच इंजिन ‘विनाकारण’ बंद पडतं. लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि दोष कलण्यात असतो. होडी पाण्यात, माणसं बसलेली आणि शेपटी चालायच्या कोनात असताना इंजिन सपाट दिसेल, असं माउंट बनवून घ्या.

पंख्याबद्दल हाव धरू नये. इंजिनाचे सगळे फेरे थेट पंख्याला मिळतात, त्यामुळे या ताकदीला सहा ते आठ इंचांचा पंखा पुरतो. मोठा लावला तर इंजिन दम टाकतं आणि धूर सोडतं. होडी लाकडी असो की फायबरची, मागच्या फळीला आतून जाड प्लायवूडची जोड देऊन आरपार बोल्ट घ्या. नुसत्या स्क्रूवर ही मोटार टांगणं म्हणजे ती नदीला अर्पण करणं.

आता पहिला दिवस. जागा निवडा वारा नसलेली, पाणी कमरेएवढं, तळ माहीत असलेला. सकाळी लवकर, कारण दुपारनंतर धरणाच्या पाण्यावर वारा उठतो. होडीचं पुढचं टोक काठावरच्या खुंट्याला दोराने बांधा. इंजिन सुरू न करता मागे बसा आणि हँडल हलवून बघा. हँडल खाली दाबलं की शेपटी पाण्याबाहेर येते, वर उचललं की पाण्यात जाते. हँडल डावीकडे ढकललं तर होडीचं तोंड उजवीकडे वळणार, उजवीकडे ढकललं तर डावीकडे. सायकलच्या हँडलची सवय असलेल्या हाताला हे उलटं वाटतं, आणि घाबरल्या क्षणी हात जुन्याच सवयीवर जातो. म्हणून हा सराव इंजिन बंद असतानाच करायचा. सोबतच्या माणसाने ‘डावं’, ‘उजवं’ म्हणत राहावं आणि विचार न करता हात वळेपर्यंत थांबू नये.

मग इंजिन. मागे, शेपटीच्या टप्प्यात कुणी नाही याची खात्री करा, विशेषतः पाण्यात खेळणारी पोरं. न्यूट्रल नसल्यामुळे दोरी ओढून इंजिन पेटलं की पंखा त्याच क्षणी फिरायला लागतो, आणि त्याला जाळी नसते. मोटार अचानक थांबवणाऱ्या किल-स्विचची दोरी मनगटाला अडकवलेली असलीच पाहिजे. शेपटी पाण्याच्या वर, थ्रॉटल अगदी कमी, दोरी ओढा. इंजिन स्थिर झालं की हँडल हळूहळू वर उचलत पंखा पाण्यात उतरवा. पण हवेत फार वेळ फिरवत ठेवू नका. नळीच्या टोकाच्या बुशला पाण्याचाच गारवा मिळतो.

पंखा पाण्यात शिरताक्षणी हँडल हातात जिवंत होतं. पंखा ज्या दिशेला फिरतो, त्या बाजूला तो शेपटीला ओढत नेतो, चाक लावलेल्या वस्तूसारखा. ही ओढ थ्रॉटलबरोबर वाढते. कोपर अंगाशी धरून, खांद्याच्या जोराने तिला थोपवायचं. पहिल्या दिवशी दंड भरून येतात, नंतर येत नाहीत, कारण तेव्हा हात ओढीशी भांडणं सोडतो. दोराला ताण देत होडी जागच्या जागी उभी राहिली, हँडल सुटलं नाही, थ्रॉटल कमी-जास्त करता आला, की मग दोर सोडा.

मोकळ्या पाण्यात नियम एकच : वळायच्या आधी थ्रॉटल कमी. पूर्ण जोरात शेपटी आडवी फिरवली तर ती होडीला पुढे न नेता मागचं टोक बाजूला फेकते, आणि हलकी सपाट होडी एका कडेवर येते. पाण्यात पडलेली माणसं बहुतेक अशाच वळणावर पडलेली असतात. थांबण्यासाठी ब्रेक नाही. काठ यायच्या बऱ्याच आधी थ्रॉटल सोडून होडीला तिच्या वेगाने जाऊ द्यायचं आणि शेवटचं अंतर बांबूने किंवा वल्ह्याने कापायचं. बांबू हवाच, इंजिन कितीही नवं असलं तरी.

वेगाबद्दल फार स्वप्नं नकोत. पाणी कापत जाणाऱ्या होडीची मर्यादा तिच्या लांबीवर ठरते. होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लाटांच्या या अडथळ्याचा सखोल अभ्यास केला. ढोबळ हिशेब असा : पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला साडेचारने गुणा. बारा फुटी होडीला ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. हलक्या होडीत एकटा माणूस असेल तर ती लाटेवर चढून याहून पुढे जाते. दोन माणसं, जाळं आणि मासळीची क्रेट घेऊन नाही. त्यापुढे थ्रॉटल पिरगाळलात तर फक्त पेट्रोल आणि आवाज वाढतो. जीएक्स-२०० पूर्ण जोरावर तासाला साधारण पावणेदोन लिटर पितं आणि त्याची टाकी तीन लिटरची असते. परतीचा हिशेब जाताना करा. कानांत बोळे घाला, उघड्या इंजिनाशेजारी तासभर बसणं कानांना परवडत नाही.

पुराच्या वेळी ही मोटार बाहेर काढू नये, हेही याच हिशेबातून निघतं. गंगापूरमधून मोठा विसर्ग सुटला की पंचवटीतला प्रवाह ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या होडीला पुढे सरकू देणार नाही, आणि वाहत्या पाण्यात आडवी लांब शेपटी म्हणजे प्रवाहाला पकडायला दिलेली काठी. चांदोरी-सायखेड्याला पूर दारात येतो, तिथे बचावाचं काम ओबीएम लावलेल्या रबरी बोटींचं आणि ते शिकलेल्या माणसांचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट गर्दीने उलटली आणि अनेकांचा जीव गेला. तिथे इंजिनापेक्षा बोटीत किती जण बसले याचा प्रश्न होता.

आता गाळ. ‘मड मोटर’ या नावाने लोकांचा गैरसमज होतो. होडी तरंगायला पाणी लागतंच, चिखलावर ती चालत नाही. मोटार एवढंच करते की, होडीचं बूड जेमतेम तरंगेल इतक्या पाण्यातही पंखा पातळ गाळाच्या राबडीत फिरत राहतो आणि होडीला ढकलतो. अशा वेळी मध्यम थ्रॉटल, शेपटी शक्य तितकी वर, आणि थांबायचं नाही. थांबलात की गाळ बुडाला धरतो. रुतलंच तर थ्रॉटल वाढवण्याऐवजी इंजिन बंद करून माणसं पुढे सरकवा, मागचं टोक मोकळं करा आणि बांबूने ढकला. काळ्या मातीच्या काठावरचा घट्ट, चिकण गाळ मात्र राबडी नव्हे. तिथे पंखा खड्डा खणतो आणि अडकतो.

पाणवेलींचा सलग गालिचाही ही मोटार पार करत नाही. होडी त्याच्यावर चढून बसते. विरळ वेली, पाण्याखालचं लांब गवत मात्र चालतं. आवाज जड झाला, वेग पडला की काहीतरी गुंडाळलं गेलंय. हँडल खाली दाबून शेपटी क्षणभर हवेत घ्या, बहुतेक गवत फेकलं जातं. कापड गेलं तर तसं होत नाही. पंचवटीच्या पाण्यात साड्या, पिशव्या, नाड्या, हारांचे दोरे असतात आणि ते दांड्यावर आवळून बसतात. इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची, आणि मगच सुरी घेऊन पंख्याला हात लावायचा. टोपी काढायचा कंटाळा करणाऱ्याची बोटं मोजून ठेवावीत. जाळ्यांची गोष्ट आणखी नाजूक. प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर ते कुणाचं तरी लावलेलं जाळं आहे. शक्यतो वळसा घाला. ते जमत नसेल तर शेपटी पूर्ण वर घेऊन होडी वरून सरकू द्या. फाटलेलं नायलॉन एका घराची आठवड्याची कमाई असू शकते.

चांदोरीजवळ आणखी एक सावधगिरी. तिथे नदीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली ती बुडालेली असतात आणि पाणी उतरलं की उघडी पडतात. बघायला सुंदर, पंख्याला घातक. कोणत्याही जुन्या धरणाच्या पोटात अशी भिंत, विहीर, झाडाचं खोड असतंच. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा काठाने चालत फिरून यावं आणि काय कुठे आहे ते मनात पक्कं करावं. गावातल्या जुन्या भोई-कोळी माणसांना विचारलंत तर हे काम एका चहात होतं.

परत आल्यावरची कामं थोडी, पण रोजची. दांड्याच्या नळीला ग्रीस निपल असतो, त्यात ग्रीसगनने दाबत राहायचं. आधी टोकाकडून राखाडी, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येईल. ते स्वच्छ येऊ लागलं की थांबा. पाणी आत राहिलं तर आठवड्यात बेअरिंग गंजतं. पंख्याच्या मागे गुंडाळलेली नायलॉनची दोरी नखाने तपासा, ती सीलमध्ये शिरते. पेट्रोल नेहमी काठावर, इंजिन गार झाल्यावर भरा. पाण्यात सांडू देऊ नका, कारण गंगापूरचं पाणी नाशिककरांच्या नळाला येतं.

परवान्याचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण तोही कामाचाच भाग. अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार इंजिनावर चालणारी नौका नोंदणी आणि तपासणीच्या कक्षेत येते. धरणावर जलसंपदा खात्याची परवानगी लागते, मासेमारीचा ठेका असेल तर तो घेतलेल्या सहकारी संस्थेशी बोलावं लागतं. लाइफ जॅकेट घातलेलं हवं, होडीत टाकलेलं नव्हे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कळाशी-कुगाव मार्गावरची बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते पाणी गावकऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्याचं होतं.

राहता राहिलं नांदूर मध्यमेश्वर. या मोटारीला साजेसं पाणी जिल्ह्यात दुसरं शोधून सापडणार नाही, आणि नेमकं तिथे ती न्यायची नाही. ते अभयारण्य आहे. उघड्या इंजिनाच्या एका फेरीने हजारो बदकं एकदम उठतात, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांची साठवलेली ताकद अशा उठण्यातच खर्च होते. चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने सगळं दिसतं. मोटार शिकायची असेल तर तालुक्यातला एखादा उथळ पाझर तलाव निवडा, आणि पहिली फेरी मारायच्या आधी परवानगीचा अर्ज देऊन या.